सरकारचा मोठा जी

कॉमर्सवाल्याला ‘कॅपिटल’ म्हटलं की आधी भांडवल आठवतं, अक्षर नंतर. आपल्या देवनागरीत अक्षरांची लहानमोठी भानगडच नाही. राजाचा ‘र’ आणि रंकाचा ‘र’ एकाच उंचीचे. इंग्रजीचं घराणं मानापमानाचं. तिथे ‘आय’ म्हणजे मी, तो सदैव ताठ. समोरचा ‘यू’ मात्र वाक्याच्या आरंभी बसला तरच मोठा.

रोमन शिलालेखांत सगळी अक्षरं मोठीच असत. इ. स. ८०० च्या सुमारास शार्लमेन बादशहाच्या राज्यात सुटसुटीत लहान अक्षरं रूढ झाली. (कारकुनांचे हात वाचवणारा बादशहा! आम्हा बँकवाल्यांनी त्याची तसबीर लावायला हरकत नाही.) पुढे मोठी अक्षरं मानाच्या पाटावर बसली: वाक्याचा आरंभ आणि विशेषनाम. अठराव्या शतकात तर साध्या नामांनाही हा मान मिळे. १७८७ ची अमेरिकेची राज्यघटना पाहा.

विशेषनामाचा नियम आमच्या जिल्ह्याला चांगलाच लागू होता. रोमन लिपीत आमचा चांदा आणि हिंदीतला वर्गणीचा चंदा अगदी सारखे. फरक काय तो मोठ्या ‘सी’चा. १९६४ च्या सुमारास चांद्याचं चंद्रपूर झालं आणि जिल्हा वर्गणीतून सुटला.

१९८२ साली याच जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा निघाला. तिथल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा प्रसिद्ध आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ मराठीत दोन्ही सरकारं सारख्याच उंचीची. आता हे इंग्रजीत उतरवायला बसा. कचेरीच्या रिवाजाप्रमाणे दिल्ली-मुंबईच्या ‘गव्हर्नमेंट’ला मोठा ‘जी’ हवाच. पण गावाच्या सरकारला?

व्याकरण सांगतं, ठरावीक संस्था असेल तर मोठा, मोघम अर्थ असेल तर लहान. मग मोघमपणा तपासू. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आपला बांबू विकायला आता परवाना आपणच फाडायचा!

आमच्या काउंटरवरचा नियम सोपा आहे: ज्याची सही चालते, तो मोठा. तेव्हा गावाच्या सरकारलाही मोठा ‘जी’ द्यावा, असं माझं मत. कॅपिटल तर त्यांच्याकडे आहेच. अठराशे हेक्टर उभं आहे.