कुत्र्यांचा सहा महिन्यांचा वनवास

१/५
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये पिसाळलेल्या कुत्र्यांची दहशत होती. कृषिमंत्री वॉल्टर लाँग यांनी अनेक भागांत कुत्र्यांना मुसके बांधणे सक्तीचे केले. श्वानप्रेमी संतापले, लाँग बधले नाहीत.

२/५
१८९७ मध्ये परदेशी कुत्र्यांच्या आयातीवर परवाना व विलगीकरणाचे बंधन आले. १९०२ मध्ये देश रेबीजमुक्त झाला.

३/५
पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या काही सैनिकांनी लळा लागलेली कुत्री चोरून आणली. १९१८ मध्ये रोग पुन्हा उद्भवला. त्याच्या निर्मूलनास १९२२ उजाडले.

४/५
सहा महिन्यांचे विलगीकरण अढळ ठरले. हिंदुस्थानातून परतणाऱ्या साहेबाच्या कुत्र्यालाही त्यातून सुटका नव्हती. तरीही १९६९ मध्ये कँबर्ली येथे, ही मुदत पूर्ण करून सुटलेला, जर्मनीहून आणलेला कुत्रा पिसाळला. कारण रोगाचा सुप्तकाळ क्वचित सहा महिन्यांहूनही दीर्घ असतो.

५/५
अखेर २००० साली मायक्रोचिप, लसीकरण आणि रक्ततपासणी यांच्या आधारे ठरावीक देशांतील कुत्र्यांना सूट मिळाली. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. म्हणूनच जिव्हाळ्याला शतकभर कुलपाआड थांबावे लागले.