रजोनिवृत्ती आणि संप्रेरके : एका औषधाचा इतिहास

लढायांचा व राजवटींचा इतिहास आपण व्याख्यानमालेत पुष्कळ ऐकतो. औषधालाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा घरातल्या न बोललेल्या दुखण्यांचा असतो. पाळी कायमची गेल्यानंतर स्त्रीला दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांचा इतिहास हा असाच आहे. परभणीत बसून आपण त्याचा विचार का करावयाचा, ते ओघाने येईलच.

स्त्रीच्या बीजकोशांत इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार होते. चाळिशीच्या उत्तरार्धात हे काम मंदावते व पाळी जाते. मग अंगातून वाफा निघतात, घामाने झोप मोडते, पुढे हाडे ठिसूळ होऊ लागतात. आपल्याकडे हा आजार मानला गेला नाही. उलट, बाई विटाळातून सुटली एवढेच म्हटले गेले. तिने मात्र आपला त्रास बोलून दाखवावयाचा नाही, अशी रीत पडली.

पश्चिमेकडे गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १९२९ साली अमेरिकेत एडवर्ड डॉइझी व जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून या वर्गातील एक संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळविले. १९४२ मध्ये गाभण घोडींच्या मूत्रापासून केलेले ‘प्रेमारिन’ हे औषध अमेरिकेत विक्रीस आले. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी ‘फेमिनिन फॉरेव्हर’ या पुस्तकात रजोनिवृत्ती हा उणिवेचा रोगच ठरविला. तारुण्य टिकते म्हटल्यावर गोळीचा खप वाढला, यात नवल ते काय?

१९७५ मध्ये पहिला धक्का बसला. नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग अधिक होतो, असे दिसून आले. म्हणून गर्भाशय असलेल्या स्त्रीस जोडीने दुसरे संप्रेरक देण्याची पद्धत रुळली. दुसरा धक्का २००२ चा. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेली या जोड-औषधाची चाचणी मध्येच थांबविण्यात आली. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे आठ रुग्ण अधिक आढळले. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रसंग पाच कमी झाले. जगभर भीती पसरली व लक्षावधी स्त्रियांनी औषध सोडले.

परंतु त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे भीतीच्या भरात बाजूला पडले. पुढील अभ्यासातून वयाचे महत्त्व स्पष्ट झाले. साठीच्या आतील, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नाहीत अशा, त्रास असलेल्या निरोगी स्त्रीस या औषधाचा लाभ सहसा धोक्याहून अधिक असतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या स्त्रीस मात्र ते सहसा देत नाहीत.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. वरील सारा वाद वय झालेल्या स्त्रियांचा. आपल्या मराठवाड्यात मात्र तिशीतच पाळी गेलेल्या स्त्रिया आहेत. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. गंगाखेडच्या बाजूनेही निघतात. फडावर संडास नाही, पाण्याची वानवा, आणि एक दिवस चुकला की खाड्याचे पैसे कापले जातात. अशा स्थितीत अंगावरून जाणे किंवा पोटदुखी यांवर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सोपा वाटतो. २०१९ मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेजारच्या बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची, म्हणजे शंभरात सुमारे सतरा जणींची, गर्भपिशवी काढलेली आढळली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे राबविण्याचा आदेश राज्यांना दिला.

पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर संप्रेरक एका दिवसात थांबते. ते ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याचा संभव असतो. अशा तरुण स्त्रीस, दुसरी अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या स्वाभाविक वयापर्यंत संप्रेरक द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. पिशवीच नसल्याने बहुधा तिला नुसते इस्ट्रोजेन पुरते. ज्यांना तारुण्य लांबवावयाचे होते त्यांना हे औषध भरपूर मिळाले. जिचे तारुण्यच अकाली संपविले गेले, तिच्या कानी त्याचे नावही गेले नाही. या इतिहासातील अन्याय तो हाच.

तो सारा आपल्या हाती नाही. पण दोन प्रश्न विचारणे आपल्या हाती आहे. शस्त्रक्रियेपूर्वी विचारावे : दुसरा उपाय खरोखर उरलेला नाही काय? आणि झालेली असेल तर विचारावे : बीजकोश ठेवले की काढले? त्या उत्तराचा कागद घरी जपून ठेवावा. कंबर धरून बसणाऱ्या चाळिशीतल्या बाईला ‘वयाप्रमाणे होणारच’ असे म्हणण्यापूर्वी आपण तो कागद डॉक्टरांपुढे ठेवू या.