नदीचे मूळ आणि सणाचे मूळ

सन १६५९ मध्ये जगाच्या दोन टोकांना दोन आज्ञा निघाल्या. पहिली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या विधिमंडळाची होती. जो कोणी काम बंद ठेवून, मेजवानी करून वा अन्य कोणत्याही प्रकारे नाताळचा दिवस पाळील, त्यास पाच शिलिंग दंड व्हावा, असे तीत ठरविले होते. दुसरी आज्ञा रोमच्या धर्मप्रसार मंडळाची. टोंकिन, कोचीन-चीन आदी पौर्वात्य देशांकडे निघालेल्या धर्मोपदेशकांना तीत असे बजावले होते की, तेथील लोकांच्या रूढी व चालीरीती जोवर धर्माला आणि सदाचाराला उघडउघड विरोधी नाहीत, तोवर त्या बदलण्याचा आग्रह धरू नये. युरोपातील देश उचलून पूर्वेकडे नेणे हे धर्मकार्य नव्हे.

एक आज्ञा दंडाची, तर दुसरी संयमाची. दोन्हींच्या मुळाशी मात्र एकच प्रश्न होता. एखादा सण किंवा एखादी चाल मुळात अन्य धर्मीयांची होती, एवढ्याच कारणावरून धर्मसंस्थेने ती बंद पाडावी काय?

नाताळ बंद करणारे प्युरिटन लोक दुष्ट नव्हते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. ख्रिस्ताचा जन्म अमुक दिवशी झाला असे बायबलात कोठेही सांगितलेले नाही. तो दिवस पाळण्याची आज्ञाही नाही. उलट, प्राचीन रोममध्ये १७ डिसेंबरपासून शनिदेवाचा सॅटर्नेलिया नावाचा उत्सव होत असे. त्यात खाणेपिणे, जुगार आणि स्वैर वर्तन यांना मोकळीक असे. बोस्टनचे धर्मोपदेशक इन्क्रीज मॅदर यांनी १६८७ मध्ये लिहिले, की जुन्या ख्रिस्ती लोकांनी डिसेंबर महिना निवडला तो या उत्सवामुळे, ख्रिस्तजन्माच्या माहितीमुळे नव्हे. शिवाय त्या काळी इंग्लंडात नाताळच्या नावाखाली जे मद्यपान आणि धांगडधिंगा चाले, तो पाहून कोणाही गंभीर माणसाला खेद व्हावा अशीच स्थिती होती.

इंग्लंडमध्ये हा युक्तिवाद कायद्याच्या रूपाने अवतरला. १६४४ साली २५ डिसेंबर हा बुधवारी आला. त्या काळी प्रत्येक महिन्याचा शेवटचा बुधवार हा पार्लमेंटने उपवासाचा दिवस म्हणून नेमलेला असे. सण की उपवास, असा पेच पडताच पार्लमेंटने उपवासाच्या बाजूने निर्णय दिला. जून १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर व पेंटेकॉस्ट हे सण रद्द झाल्याचा वटहुकूम निघाला. नोकरचाकर व उमेदवार कामगार यांची सुटी बुडू नये म्हणून प्रत्येक महिन्याचा दुसरा मंगळवार त्यांना करमणुकीसाठी देण्यात आला. कायदा करणाऱ्यांची समजूत अशी की, लोकांना सुटी हवी आहे. ती मिळाली म्हणजे झाले. परंतु सण आणि सुटी या दोन वस्तू भिन्न आहेत. सुटी सरकार देऊ शकते. सण मात्र पूर्वजांकडून येतो.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला कँटरबरी शहरात याचा प्रत्यय आला. बाजार उघडा ठेवावा असा महापौराचा हुकूम होता. ज्या थोड्या व्यापाऱ्यांनी तो मानला त्यांचा माल जमावाने रस्त्यावर फेकला, महापौरालाही धक्काबुक्की झाली. पुढे मे १६४८ मध्ये दंगलखोरांवर आरोप ठेवण्यास स्थानिक पंचांनीच नकार दिला, आणि त्या असंतोषातून केंट परगण्यात उठाव झाला. १६६० मध्ये राजसत्ता परतली तेव्हा ते कायदे गळून पडले आणि नाताळ उघडपणे परत आला. मॅसॅच्युसेट्सचा दंड १६८१ मध्ये लंडनच्या दडपणामुळे रद्द झाला, तरी तेथे नाताळ ही कायदेशीर सुटी होण्यास १८५६ साल उजाडावे लागले. स्कॉटलंडमध्ये तर तो दिवस १९५८ मध्ये सार्वजनिक सुटीचा झाला. बंदी मोडायला काही वर्षे पुरली. तिची सावली हटायला मात्र शतके लागली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २५ डिसेंबरचे मूळ खरोखर कोठले? सन ३५४ च्या एका रोमन पंचांगसंग्रहात या दिवशी ख्रिस्तजन्म नोंदलेला आहे. त्याच संग्रहात त्याच दिवशी 'अजिंक्य' सूर्याचा जन्मदिनही नोंदलेला आहे. यावरून पुष्कळ विद्वान म्हणतात की, सूर्याचा सण ख्रिस्ती झाला. दुसरे विद्वान वेगळा हिशेब मांडतात. २५ मार्च हा ख्रिस्ताच्या गर्भधारणेचा दिवस अशी जुनी समजूत होती. त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर येतो. वाद अद्याप मिटलेला नाही. ज्या मुळाबद्दल पंडितांचे एकमत नाही, त्याच्या आधारावर मजुराला पाच शिलिंग दंड करावा, हे न्यायाला धरून नाही. आणि मराठीतील 'नाताळ' हा शब्द तरी कोठून आला? पोर्तुगीज 'नाताल' वरून. तो लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्मदिन, यावरून. त्या पंचांगात सूर्याच्या जन्मदिनासाठीही हाच शब्द आहे. म्हणून हा शब्दच टाकून द्यावा, असे कोणी म्हणणार नाही.

मुळाचा शोध सुरू केला म्हणजे तो कोठे थांबवावा, हेही कठीण होते. सहाव्या शतकात आजच्या पोर्तुगालमधील ब्रागा येथील बिशप मार्टिन यांनी आठवड्याच्या दिवसांना मंगळ, बुध, गुरू अशा रोमन देवतांची नावे असण्यावर आक्षेप घेतला होता. पोर्तुगीज भाषेत आजही सोमवारला 'दुसरा वार', मंगळवारला 'तिसरा वार' अशा अर्थाची नावे आहेत. पण त्याच भाषेतील जानेवारी महिना जानस देवाच्या नावाचा आणि मार्च महिना मंगळदेवाच्या नावाचा राहून गेला. दिवस शुद्ध झाले, महिने तसेच राहिले. आणि त्यामुळे कोणाची श्रद्धा ढळल्याचे ऐकिवात नाही.

प्राचीन ख्रिस्तसभेपुढे हा प्रश्न आला तेव्हा तिने दिलेले उत्तर अधिक सुज्ञ होते. सन ६०१ मध्ये पोप पहिले ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस यांना पत्र लिहिले. ते बीड या इतिहासकाराच्या ग्रंथात आपणास वाचावयास मिळते. तेथील देवळे पाडू नयेत. मूर्ती काढाव्यात, पवित्र जल शिंपडावे आणि तेथेच वेदी उभारावी, असे ग्रेगरी सांगतात. लोकांना देवांपुढे बैल मारण्याची सवय आहे. तर त्यांनी सणाच्या दिवशी चर्चभोवती डहाळ्यांचे मांडव घालून मेजवानी करावी आणि अन्नदात्या परमेश्वराचे आभार मानावेत. उंच जागी जाणारा मनुष्य पायरीपायरीने चढतो, उडी मारून नव्हे, हा त्यांचा विचार. विशेष हे की, त्याच्या थोडेच आधी त्यांनी इंग्रज राजा एथेलबर्ट यास देवळे पाडण्याचा सल्ला दिला होता. पुढे विचारान्ती त्यांनी तो बदलला.

गोमंतकाच्या इतिहासात या दोन्ही वाटा एकापाठोपाठ दिसतात. १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र सांगण्यासाठी पुराणाचा घाट आणि ओवीछंद पत्करला. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापून निघाले. ख्रिस्ती स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरताना त्यांनी त्याचे मूळ विचारले नाही. ऐकणाऱ्याच्या हृदयापर्यंत तो पोचतो की नाही, एवढेच पाहिले. पण पुढे १६८४ मध्ये लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम निघाला. आणि १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने एक लांबलचक फर्मान काढले. ख्रिस्ती घराभोवती तुळस लावू नये, एकादशीस उपास करू नये, मिठावाचून भात शिजवू नये, लग्नात हळद लावू नये, ओव्या गाऊ नयेत, पुरुषांनी धोतर व स्त्रियांनी चोळी वापरू नये, अशा मनाया त्यात आहेत. शासनाचा हात देवळातून घरात आणि घरातून थेट चुलीपर्यंत पोचला. मिठाचे भांडे हेसुद्धा चौकशीचे प्रकरण झाले, आणि त्या चौकशीचा भार बहुतांशी घरातील स्त्रियांवर पडला.

इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. आज पाहावे तो गोव्यातील ख्रिस्ती विवाहात वधूवरांना नारळाच्या रसाने न्हाऊ घालतात. वधूच्या हातात चुडा भरतात. राय गावी ५ ऑगस्टला नव्या भाताची कणसे चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणली जातात. मुंबई-ठाणे भागातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांच्या लग्नात उंबराचे पाणी आणण्याचा विधी असतो. कोणाचे हे मूळ? शेतकऱ्याचे, गावाचे, मातीचे. धर्म बदलला तेव्हा शेत बदलले नव्हते, पाऊस बदलला नव्हता. मग नव्या धान्याचा आनंद तरी का बदलावा?

चीनमध्ये बंदीची किंमत अधिक मोठी होती. पूर्वजांना आणि कन्फ्यूशियसला वंदन करण्याच्या चिनी विधींवर रोमने १७०४ व १७१५ मध्ये बंदी घातली. १७४२ मध्ये ती पुन्हा पक्की केली. चिडलेल्या सम्राट कांगशी यांनी १७२१ मध्ये धर्मप्रचारास मनाई केली. अखेर ८ डिसेंबर १९३९ रोजी रोमने ती बंदी बव्हंशी उठविली आणि ते विधी नागरी आदराचे मानले. १६५९ च्या सूचनेचा आशय पुन्हा गवसण्यास दोनशेऐंशी वर्षे लागली.

तर मग धर्माने काहीच निषिद्ध मानू नये काय? असे नव्हे. ग्रेगरींनी मूर्ती काढायला सांगितल्याच होत्या. १६५९ च्या सूचनेनेही सदाचाराला विरोधी असलेल्या रूढींचा अपवाद केलाच होता. ज्या सणात माणसाचा अपमान होतो, मुक्या जिवाचा छळ होतो किंवा दुबळ्यावर जुलूम होतो, तो सण स्वधर्मीय मुळाचा असला तरी निषिद्धच. तसेच ज्यांना आपल्या सदसद्विवेकाने एखादा सण पाळावासा वाटत नाही, त्यांना तो न पाळण्याचे स्वातंत्र्य हवे; क्वेकर पंथाच्या लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या शांतपणे वापरले. स्वतः न पाळणे हे व्रत आहे. दुसऱ्याला दंडाने पाळू न देणे ही सत्ता आहे. या दोहोंत गल्लत झाली म्हणजे काय घडते, ते कँटरबरीने आणि गोमंतकाने पाहिले आहे.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला ती पाळता येणार नाही. त्याने मूळ अवश्य विचारावे. परंतु उगमाशी कोणाचे देऊळ होते एवढ्यावरून नदीला बांध घालणाऱ्याने, खाली तिच्या पाण्यावर कोणाची शेते पिकत आहेत, हे आधी पाहून घ्यावे.