जुन्या मॅकबुकची एसएसडी गेली? नवा लॅपटॉप घेण्याआधी हे वाचा

मॅकबुक सुरू केला आणि स्क्रीनवर फोल्डरचं चित्र, त्यात लुकलुकणारं प्रश्नचिन्ह. याचा अर्थ एवढाच की लॅपटॉपला सुरू होण्यासाठी लागणारी सिस्टीम सापडत नाहीये. २०१३ ते २०१७ या काळातल्या मॅकबुक एअरमध्ये असं झालं, तर पहिला संशय एसएसडीवर जातो. दुकानात मग दोन उत्तरं हमखास मिळतात: "ओरिजिनल पार्ट येत नाही" आणि "एवढ्या खर्चात नवाच घ्या". पहिलं उत्तर अर्धं खरं आहे. दुसरं ऐकून घाई करू नका.

साधी एसएसडी का बसत नाही?

इतर लॅपटॉपमध्ये 'एम.२' आकाराची एसएसडी बसते. ती कुठल्याही कंपनीची घ्या, खाच तीच. ॲपलने मात्र या काळात स्वतःची वेगळी खाच वापरली, १२ आणि १६ पिनांच्या दोन गटांची. त्यामुळे बाजारातली एसएसडी हातात घेऊन पाहिली तर ती आतच जात नाही.

पण वेगळेपण पिनांच्या मांडणीत आहे, आतल्या जोडणीत नाही. ॲपलच्या खाचेतून जाते ती पीसीआय एक्सप्रेस हीच जोडणी, आणि एम.२ मधल्या 'एनव्हीएमई' एसएसडीही तीच वापरतात. म्हणून बोटाच्या पेराएवढा एक अ‍ॅडॅप्टर मध्ये लावला की काम होतं. त्याची किंमत काही शे रुपये असते. मुख्य खर्च एसएसडीचाच.

दुसरा फरक भाषेचा. ॲपलच्या त्या वेळच्या बहुतेक एसएसडी 'एएचसीआय' या जुन्या पद्धतीने बोलत. एनव्हीएमईवरून सुरू होणं या लॅपटॉपना सुरुवातीला येत नव्हतं. २०१७ मध्ये मॅकओएस हाय सिएरा आली आणि तिच्यासोबत लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये ही सोय आली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच अडतं.

तुमचा लॅपटॉप यात बसतो का?

बसणारे: मॅकबुक एअर २०१३ ते २०१७, आणि रेटिना मॅकबुक प्रो २०१३ च्या अखेरीपासून २०१५ पर्यंत.

मॉडेल नंबरवर विसंबू नका. १३ इंची एअरच्या पाठीवर 'ए१४६६' लिहिलेलं असतं, पण तोच नंबर २०१२ च्या एअरवरही आहे आणि त्याची खाच वेगळी, साटा प्रकारची. चुकीचा अ‍ॅडॅप्टर मागवण्याचं हे नेहमीचं कारण. सीरियल नंबर ॲपलच्या साइटवर टाकून वर्ष नक्की करा.

२०१८ पासूनच्या एअरमध्ये आणि टचबार असलेल्या प्रोमध्ये साठवणुकीच्या चिप मदरबोर्डवरच जोडलेल्या असतात. तिथे हा उपाय चालत नाही.

आधी खात्री, मग खरेदी

ऑप्शन बटण दाबून धरून लॅपटॉप सुरू करा. एसएसडी यादीत दिसली तर कदाचित फक्त सिस्टीम बिघडली असेल. ती दिसत नसेल, तर एखाद्या मित्राच्या मॅकवर मॅकओएसचा पेनड्राइव्ह बनवून घ्या (१६ जीबीचा पुरतो) आणि त्यावरून सुरू करून डिस्क युटिलिटी उघडा. तिथेही आतली एसएसडी दिसली नाही, तर ती गेली असं समजायला हरकत नाही.

इथे एक स्वस्त पळवाटही आहे. यूएसबीला जोडायची बाहेरची एसएसडी घेऊन तिच्यावरच मॅकओएस टाका. स्क्रू उघडावा लागत नाही, आणि मेल, ब्राउझर, वर्ड एवढंच काम असेल तर वेगही पुरतो. लॅपटॉप टेबलावरच राहणार असेल तर मी आधी हेच सुचवेन.

काय घ्यायचं?

'एम.२ २२८०' आकाराची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. एम.२ मध्येच साटा प्रकारही येतो आणि तो इथे चालत नाही. कडेला दोन खाचा असतील तर तो बहुधा साटा असतो, एनव्हीएमईला सहसा एकच खाच असते. तरी पाकिटावर 'एनव्हीएमई' हा शब्द वाचूनच पैसे द्या.

दुकानदार सर्वात वेगवान मॉडेल दाखवेल. गरज नाही. या एअरच्या खाचेतून सेकंदाला जेमतेम दीड हजार एमबी जातात, २०१३ आणि २०१४ च्या एअरमध्ये त्याच्याही निम्मे. साध्या, तिसऱ्या पिढीच्या एसएसडीचा वेगही इथे पूर्ण वापरला जात नाही. महागडी घेतली तर वाढेल ती उष्णता आणि बॅटरीचा खर्च. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेणार असाल तर बिल आणि वॉरंटी मागून घ्या.

फर्मवेअरचा सापळा

लॅपटॉपवर पूर्वी हाय सिएरा किंवा त्यापुढची मोजावे, कॅटालिना, बिग सर यापैकी काही टाकलेलं असेल, तर फर्मवेअर बहुधा तयार आहे. पण वर्षानुवर्षं योसेमिटीच चालवत असाल तर नवी एसएसडी बसवूनही लॅपटॉप तिच्यावरून सुरू होणार नाही. फर्मवेअर मॅकओएसच्या इन्स्टॉलरमधून येतं, आणि ते लिहिताना आत ॲपलचीच एसएसडी असावी अशी अट अनेकदा आडवी येते. तुमची तर मेलेली! अशा वेळी कुणाची तरी जुनी, कमी जीबीची ॲपल एसएसडी तासाभरासाठी मागून आणायची, तिच्यावर हाय सिएरा टाकायची आणि परत द्यायची. मॅक दुरुस्त करणाऱ्यांकडे अशी एखादी पडून असते.

बसवताना

मागच्या झाकणाचे १० स्क्रू पाच पाकळ्यांच्या पेंटालोब पी५ पेचकसने निघतात. एअरमध्ये बिजागरीजवळचे दोन लांब असतात, ते वेगळे ठेवा. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. एसएसडीला टॉर्क्स टी५ चा एकच स्क्रू असतो. अ‍ॅडॅप्टर खाचेत पूर्ण आत गेला पाहिजे. "एसएसडी दिसत नाही" या तक्रारींमागे अनेकदा अर्धवट बसलेला अ‍ॅडॅप्टरच असतो. उघडलंच आहे तर बॅटरी फुगलेली नाही ना, हेही पाहून घ्या.

मग पेनड्राइव्हवरून सुरू करा, डिस्क युटिलिटीत 'सर्व उपकरणं दाखवा' निवडा आणि एसएसडी 'एपीएफएस' व 'जीयूआयडी' पद्धतीने फॉरमॅट करा. इंटरनेट रिकव्हरी वापरलीत तर ती कधीकधी लॅपटॉपसोबत आलेली मूळ जुनी सिस्टीम उतरवते. त्या सिस्टीमला एनव्हीएमई ओळखताच येत नाही, आणि चांगली एसएसडी खराब आहे असं वाटून माणूस ती परत करून येतो.

२०१३ आणि २०१४ च्या मॉडेलमध्ये एक त्रास उरतो. रात्रभर झाकण मिटून ठेवलं की सकाळी लॅपटॉप जागा न होता नव्याने सुरू होतो. टर्मिनलमध्ये 'पीएमसेट' कमांडने 'हायबरनेटमोड' आणि 'स्टँडबाय' शून्य केले की हे थांबतं. बदल्यात, झोपेत असताना बॅटरी पूर्ण संपली तर सेव्ह न केलेलं काम जातं.

एअर २०१३-१४ ला अधिकृतपणे बिग सरपर्यंत आणि २०१५ ते २०१७ ला मॉन्टेरेपर्यंतच जाता येतं, हे धरूनच खर्च ठरवा. आणि जुनी एसएसडी फेकू नका. टाइम मशीनचा बॅकअप नसेल तर तुमचे फोटो अजून तिच्यातच आहेत. ते हवे असतील तर ती पुन्हा पुन्हा लावून पाहू नका, तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.