थॉक्वा : कल्पनेतील अग्निकृमी आणि सह्याद्रीतील देवगांडूळ

थॉक्वा हा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या कल्पनासृष्टीतील अग्निनिवासी, भूमीत बिळे खोदणारा जीव होय. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झाला. त्यात पृथ्वी, जल, अग्नी व वायू या तत्त्वांची स्वतंत्र विश्वे कल्पिलेली आहेत. पृथ्वी व अग्नी यांच्या सीमेवरील तप्त, अर्धवट वितळलेल्या खडकांत थॉक्वाचा वास असतो. त्याचा आकार कृमीसारखा, लांबी चार ते पाच फूट. अंगच्या उष्णतेने तो खडकातून वाट काढतो.

पूर्वपीठिका : अग्नीत वावरणाऱ्या प्राण्याची कल्पना प्राचीन आहे. सॅलमँडर हा उभयचर प्राणी आगीतून चालत जाऊन ती विझवितो, अशी समजूत ॲरिस्टॉटलने नोंदविली आहे. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने सॅलमँडरला अग्नितत्त्वाचा जीव मानले. ओलसर ओंडक्यात दडलेला सॅलमँडर लाकूड पेटताच बाहेर पडत असावा व त्यातूनच ही समजूत रूढ झाली असावी, असे मानले जाते.

वास्तवातील साम्य : कृमीसारखा आकार आणि बिळे खोदण्याची सवय या दोन्ही बाबतींत थॉक्वाशी साम्य असणारा उभयचर गोव्यात आढळतो. तो म्हणजे देवगांडूळ. नाव गांडुळाचे असले तरी हा पाठीचा कणा असलेला, बेडकाच्या वर्गातील प्राणी आहे. त्याला पाय नसतात. टणक कवटीने माती रेटीत तो पुढे सरकतो. डोळे जवळजवळ निरुपयोगी असल्याने डोळा व नाकपुडी यांच्यामधील लहानशा स्पर्शिकेने तो भक्ष्याचा माग घेतो. गांडुळे व वाळवी हे त्याचे खाद्य.

सह्याद्रीतील गेगेनिओफिस या प्रजातीतील अनेक जाती अलीकडेच विज्ञानाला ज्ञात झाल्या. आंबोलीची ‘डॅनिएली’ २००३ मध्ये, बोंडला अभयारण्यातील ‘नाडकर्णी’ २००४ मध्ये, तर ‘गोवाएन्सिस’ व म्हादई परिसरातील ‘म्हादेईएन्सिस’ या जाती २००७ मध्ये वर्णिल्या गेल्या.

अग्नीशी संबंध : येथे मात्र साम्य संपते. देवगांडुळाची त्वचा श्वसनातही भाग घेते; त्यासाठी ती सतत ओलसर राहावी लागते. माती कोरडी पडू लागली की तो अधिक खोल जातो. वणव्याची धग मुख्यतः मातीच्या वरच्या थरापुरती राहत असल्याने खोली हेच त्याचे संरक्षण. परंतु पालापाचोळा जळून गेला की माती उघडी पडून लवकर सुकते आणि त्यातील लहान जीवही घटतात. म्हणजे आगीतून वाचलेल्या देवगांडुळासमोर ओलावा व अन्न यांचा प्रश्न नंतर उभा राहतो.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे भडकले, तेव्हा ते विझविण्यासाठी नौदल व हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांची मदत घ्यावी लागली. अशा वेळी जळालेली झाडे मोजता येतात. भूमिगत जीवांची हानी सहसा नजरेस येत नाही. पावसाळ्यात कुळागरात वा शेतात दिसणारे देवगांडूळ सापाचे पिल्लू समजून मारले जाण्याचाही धोका असतो. वस्तुतः ते माणसाला निरुपद्रवी आहे आणि त्याचा आढळ हे माती ओलसर व सजीव असल्याचे लक्षण होय.