बिले

बिले : दोर अडकवून धरणे या अर्थाचा मूळचा जहाजी इंग्रजी शब्द. मराठीत तो कड्यांवरून आला. जुन्नरच्या डोंगरांत प्रस्तरारोहण करणाऱ्यांच्या तोंडी ‘बिले देणे’, ‘बिलेवर असणे’, ‘बिलेअर’ ही रूपे सर्रास असतात. छापलेला शब्द पाहून विजेची बिले आठवतात. उच्चारात मात्र जोर शेवटच्या ‘ले’वर आहे.

शिडाच्या जहाजावर शीड ताणणारे दोर कठड्यातल्या खुंट्यांना इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे देऊन अडकवत. वादळात दोर झटकन सोडता यावा म्हणून त्याला गाठ मारत नसत. खुंटी वर उपसली की वेढे आपोआप गळून पडत. ताण पेलायचा तो वेढ्यांच्या घर्षणाने. या कृतीचे नाव बिले. पुढे नाविकांत ‘थांबा’, ‘आधीचा हुकूम रद्द’ अशा अर्थांनीही तो शब्द चालू लागला. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवरच्या डिंभे जलाशयात आदिवासी मच्छीमारांच्या होड्या आहेत, पण तिथे दोर ‘बांधतात’. बिले हा शब्द सापडायचा तर घाटमाथ्याच्या कड्यांवरच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीस ब्रिटिश गिर्यारोहकांनी हा शब्द उचलला. आरंभी दोर अडकवता येईल अशा खडकाच्या टोकालाच ते बिले म्हणत. नंतर ते नाव चढणाऱ्याचा दोर सांभाळण्याच्या कामाला मिळाले. पूर्वी दोर कमरेभोवती घेऊन बिले देत. अंगावरचे कपडे आणि कातडी हेच घर्षणाचे साधन. आता धातूची उपकरणे असतात. आठच्या आकाराची कडी जुनी, तर झटका बसताच दोर आवळणारे ग्रीग्री १९९१मधले.

आघाडीचा आरोहक दोर अडकवलेल्या शेवटच्या मेखेच्या तीन मीटर वर असताना सुटला, तर किमान सहा मीटर पडतो, शिवाय दोर ताणला जातो तो वेगळा. हा ताण मुद्दाम ठेवलेला असतो. आरोहणाचा दोर लवचीक नसेल तर झटका थेट कमरेच्या पट्ट्यावर आणि मेखेवर येतो. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये मेख हा आधीच नाजूक विषय आहे. कातळाच्या थरांमधले मुरमाड पट्टे मेख धरत नाहीत, म्हणून बऱ्याच ठिकाणी खडकाला भोक पाडून बोल्ट ठोकावे लागतात.

१८१८मध्ये इंग्रजांनी जुन्नर भागातल्या गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. चावंड आणि जीवधन या गडांवर त्या खुणा अजून आहेत. जीवधनच्या वाटेवर तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी छोटा कातळटप्पा चढावा लागतो आणि नवख्यांना तिथे वरून दोर लावून बिले देतात. अनेकांची या शब्दाशी पहिली ओळख इथेच होते. पायऱ्या इंग्रजांनी तोडल्या आणि वर न्यायला शब्दही इंग्रजांचाच, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल. गडालगतचा वानरलिंगी ऊर्फ खडा पारशी हा सुळका मात्र जाणत्यांचा आहे. सुमारे साडेतीनशे-चारशे फुटांची ही चढाई टप्प्याटप्प्याने होते. प्रत्येक टप्प्याच्या माथ्यावर मेखांना स्वतःला बांधून घेऊन आरोहक खालच्याला बिले देतो. पायथ्याला नाणेघाट आहे. सातवाहन काळात जुन्नरचा माल याच घाटाने कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरत असे.

जहाजावरच्या आणि कड्यावरच्या अर्थांत एक फरक महत्त्वाचा आहे. खलाशी दोर अडकवतो तो हात मोकळे व्हावेत म्हणून. बिलेअरचा हात मात्र काम संपेपर्यंत मोकळा होत नाही. दोर देताना, ओढून घेताना, घाम पुसताना, दोराच्या मोकळ्या बाजूवरचा हात एका क्षणासाठीही सुटता कामा नये. ‘ऑन बिले’ हे उत्तर मिळेपर्यंत आरोहकाने पाय उचलायचा नाही. ‘स्लॅक’ म्हटले की दोर सैल, ‘टाइट’ म्हटले की ताठ. वाऱ्यात आवाज पोहोचत नाही, तेव्हा दोराला हिसके देऊन खूण करतात. किती हिसक्यांना काय समजायचे, हे चढण्याआधीच ठरवावे लागते.

हौशी सहलींत दोर असतो, पट्टे असतात, हेल्मेटही असते; बिलेअर मात्र गप्पा मारत किंवा मोबाइलवर फोटो काढत उभा दिसतो. अशा वेळी दोराचा उपयोग शून्य. जीवधनच्या टप्प्याला हात घालण्याआधी बिलेला कोण आहे, हे नाव घेऊन विचारावे आणि तो दोराकडे पाहत असेल तरच चढावे.