साडेसहावा पडदा

डल्सिमर म्हटलं की आपल्याकडच्या जाणकाराला आधी संतूर आठवतं, कारण काड्यांचे आघात करून वाजवायच्या संतूरच्या युरोपीय भावंडालाही डल्सिमरच म्हणतात. इथं सांगायची आहे ती त्याची नव्हे, अमेरिकेतल्या अपालाचियन डोंगररांगांमधल्या ‘माउंटन डल्सिमर’ची कुळकथा. हे वाद्य मांडीवर आडवं घ्यायचं. साधारण तीन फूट लांबीची, कमरेत बारीक अशी पोकळ पेटी. तिच्या पोटावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली उंच पट्टी. पट्टीवर पडदे आणि तीन तारा. वाजवणाऱ्याच्या अंगाकडची तार चालीची, उरलेल्या दोन षड्ज-पंचम धरून गुंजत राहणाऱ्या. जुन्या रीतीत डाव्या हातात बोटाएवढी लाकडी काडी असायची, ती चालीच्या तारेवर दाबून सरकवायची. उजव्या हातात राजहंसाच्या पिसाचा दांडा, त्याने तिन्ही तारा एकदम छेडायच्या.

आवाज बेताचा. गावात नाच असला की फिडल आणि बँजो, त्या गलक्यात डल्सिमर कुणाला ऐकू जाणार? ते घरात, कामं आटोपल्यावर, स्वतःच्या गाण्याला स्वतःच साथ करण्यासाठी. षड्ज कुठला? तर ज्याचा त्याचा गळा जिथं सुखाने लागेल तो. त्यामुळे दोन घरांतली दोन डल्सिमर एका सुरात असण्याचं काही कारणच नव्हतं. अशा एकांड्या वाद्याचे आज छोट्या छोट्या गावांतून मेळावे भरतात, आणि कुळकथेतला सगळ्यात रंजक भाग मला तोच वाटतो. मेळाव्यांनी वाद्याला नुसतं जगवलं नाही, त्याची घडणही बदलली.

मूळ घराणं जर्मन. मिखाएल प्रेटोरियस या संगीतकाराने 1619 साली ‘सिंटाग्मा म्युझिकुम’च्या दुसऱ्या खंडात ‘शाइटहोल्ट’ नावाच्या, ओंडक्यासारख्या दिसणाऱ्या लांबट वाद्याची नोंद केली आणि त्याची गणना फाटक्या-तुटक्या वाद्यांत केली. नॉर्वेतलं लांगेलाइक, फ्रान्सच्या व्होज डोंगरातलं एपिनेट ही त्याची चुलत भावंडं. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात येऊन वसलेल्या जर्मनांनी हे खोकं सोबत आणलं. तिथून वसाहतकऱ्यांच्या गाड्यांची वाट शेनँडोआ खोऱ्यातून दक्षिणेला जात होती, आणि त्याच वाटेवर स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेली माणसंही होती. जर्मन खोक्यावर त्यांच्या चाली वाजू लागल्या. एकोणिसाव्या शतकात व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसीच्या डोंगरांत खोक्याला पोट फुटलं, कंबर आली आणि पडदे पेटीच्या कडेवरून उठून मधल्या उंच पट्टीवर गेले.

बरीच वर्षं मात्र हे जर्मन आजोळ कुणी सांगत नव्हतं. केंटकीच्या नॉट काउंटीत ट्रबलसम क्रीक नावाच्या ओढ्याकाठी हिंडमन हे गाव आहे. काउंटीचं मुख्य ठाणं, पण वस्ती हजाराच्या आत. 1902 मध्ये मे स्टोन आणि कॅथरीन पेटिट या दोघींनी तिथं ‘हिंडमन सेटलमेंट स्कूल’ काढलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला सेसिल शार्प यांच्यासारखे इंग्रज संग्राहक या डोंगरांत जुनी इंग्लिश गाणी धुंडाळत फिरत होते, आणि इथली माणसं म्हणजे एलिझाबेथ राणीच्या काळातलं शुद्ध इंग्लंड, अशी समजूत शहरी लोकांना फार आवडत होती. डल्सिमर त्या चित्रात बसवलं गेलं. बायबलच्या इंग्रजी भाषांतरातही ‘डल्सिमर’ आहे, म्हणजे प्राचीनतेचा शिक्का आयताच मिळाला. चित्र खोटं होतं, पण गिऱ्हाईक आणणारं होतं.

ते गिऱ्हाईक ज्याच्याकडे गेलं तो कारागीर म्हणजे जे. एडवर्ड टॉमस, नॉट काउंटीचाच. जन्म 1850, मृत्यू 1933. 1871 पासून तो डल्सिमर बनवत होता असं सांगतात. वाळूच्या घड्याळासारखी दोन फुगवट्यांची पेटी आणि वर बदामाच्या आकाराची भोकं हा त्याचा घाट आजही ‘केंटकी’ घाट म्हणून ओळखला जातो. हातगाडीवर माल घालून तो घरोघर विकत फिरायचा. त्याच्या वाद्यावरचा एक बारकावा पाहण्यासारखा आहे. पडदे म्हणजे तारेचे वाकवलेले लहान यू, पट्टीत ठोकलेले, आणि तेही फक्त चालीच्या तारेखाली. उरलेल्या दोन तारांना पडदाच नाही, कारण त्या दाबायच्याच नव्हत्या. टॉमसकडून ही विद्या जेथ्रो अँबर्गी याने घेतली आणि पुढे हिंडमनच्याच शाळेत मुलांना सुतारकाम शिकवलं.

डोंगर उतरून वाद्य शहरात गेलं ते जीन रिची या बाईंमुळे. जन्म 1922, केंटकीतलंच व्हायपर गाव, चौदा भावंडांतलं शेंडेफळ. वडिलांच्या डल्सिमरला हात लावायची मुलांना बंदी होती, म्हणून या बाईंनी लहानपणी ते चोरून वाजवलं. 1947 च्या सुमाराला समाजकार्याच्या नोकरीसाठी त्या न्यूयॉर्कला गेल्या, वाद्य सोबत होतंच. लोकसंगीताची लाट तेव्हा नुकती उठत होती. मैफली झाल्या, ध्वनिमुद्रिका निघाल्या, लोक वाद्य कुठं मिळेल म्हणून विचारू लागले, तेव्हा त्यांचे पती जॉर्ज पिको यांनी ब्रुकलिनमध्ये ती बनवायलाच घेतली. 1963 मध्ये रिचींचं ‘द डल्सिमर बुक’ आलं. शिकवायला घरात आजी-आजोबा नाहीत अशा माणसालाही आता पुस्तकावरून शिकता येऊ लागलं. रोलिंग स्टोन्सच्या ब्रायन जोन्सने 1966 च्या ‘लेडी जेन’मध्ये आणि जोनी मिचेलने 1971 च्या ‘ब्लू’मध्ये ते वाजवल्यावर तर डोंगराशी काही संबंध नसलेली पोरंही सुट्या भागांचे संच मागवून, घरी सरस लावून डल्सिमर जुळवू लागली.

अशी विखुरलेली माणसं एकमेकांना शोधणारच. 1975 मध्ये ‘डल्सिमर प्लेयर्स न्यूज’ हे नियतकालिक सुरू झालं, गावोगाव क्लब निघाले आणि शनिवार-रविवारचे मेळावे भरू लागले. चर्चचा हॉल किंवा शाळेची व्यायामशाळा, सकाळी नवशिक्यांचे वर्ग, दुपारी ज्याला वाटेल त्याला मंच, रात्री गोल करून खुर्च्या मांडायच्या आणि सगळ्यांनी मिळून वाजवायचं. इथंच अडचण उभी राहिली.

डल्सिमरचे पडदे सतारीसारखे सरकत नाहीत आणि ते सातच सुरांचे. बाराही स्वर त्यात नाहीत. थाट बदलायचा तर पडद्यांना हात लागत नाही, चालीची तार पिळून षड्जाची जागा बदलावी लागते. तारा सा-प-प अशा लावल्या की षड्ज तिसऱ्या पडद्यावर येतो आणि बिलावल मिळतो. सा-प-सा लावल्या तर षड्ज मोकळ्या तारेवर येऊन खमाज. षड्ज पहिल्या पडद्यावर आणला तर आसावरी, चौथ्यावर आणला तर काफी. आपल्या मूर्च्छनांचा अभ्यास केलेल्याला हे सांगावंही लागणार नाही. घरी एकटं असताना दोन गाण्यांच्या मध्ये खुंट्या पिळायला कुणाची ना नव्हती. हॉलभर माणसं प्रत्येक चालीआधी तारा लावू लागली तर मात्र संध्याकाळ त्यातच जायची.

म्हणून रूढ झालं ते सा-प-सा, आणि षड्ज ‘डी’चा. फिडलवाल्यांच्या कितीतरी चाली ‘डी’तल्या असल्यामुळे त्यांच्याशी सूर जुळू लागला. काडी बाजूला ठेवून तिन्ही तारांवर बोटं दाबून कॉर्ड वाजवायलाही ही लावणी सोयीची, आणि त्यासाठी पडदे पट्टीच्या पूर्ण रुंदीचे झाले. एक खोट राहिली. मोकळ्या तारेवरच्या षड्जापासून वर गेलं की सहाव्या पडद्यावर कोमल निषाद येतो. ‘ओल्ड जो क्लार्क’सारख्या खमाज अंगाच्या चालीला तो हवाच, पण बिलावलातल्या शेकडो गाण्यांना शुद्ध निषाद लागतो आणि तो पट्टीवर नव्हताच. तेव्हा सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये आणखी एक पडदा ठोकला गेला. सगळ्यांना नवे आकडे देण्यापेक्षा त्याला साडेसहावा म्हणणं सोपं पडलं, कारण शिकणारी माणसं स्वरलिपीऐवजी पडद्यांच्या आकड्यांवरूनच वाजवतात. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डल्सिमरवर तो असतोच. काहींनी पुढे दीडावा पडदाही घातला, काहींनी थेट बाराही स्वरांची पट्टी केली. ‘मग सरळ गिटारच घ्या की’ असं जुनी मंडळी म्हणतात, आणि मला तरी त्यांचं म्हणणं पटतं.

केंटकीने 2001 मध्ये डल्सिमरला राज्याचं अधिकृत वाद्य केलं. हिंडमनमध्ये ‘डल्सिमर होमकमिंग’ भरतं, आणि टॉमसच्या घाटाची वाद्यं तिथं अजून बनतात. जुलै 2022 मध्ये ट्रबलसम क्रीकला आलेल्या पुराचं पाणी सेटलमेंट स्कूलमध्ये आणि गावातल्या तंतुवाद्यांच्या कारखान्यात घुसलं, शाळेचं जुनं दप्तर भिजलं. कागद वाळवायला आणि यंत्रं साफ करायला बाहेरगावची माणसं धावून आली.

अलीकडे मेळाव्यांत काडी आणि पिसाच्या जुन्या वादनाचेही वर्ग असतात. एका तारेखालच्या यू-पडद्यांची हुबेहूब टॉमस घाटाची वाद्यं काही जण मुद्दाम करवून घेतात. त्यांवर साडेसहावा नसतो आणि कॉर्ड तर निघतच नाही. त्यामुळे रात्रीच्या गोलात त्यांची पंचाईत होते, आणि या मंडळींसाठी वेगळी खोली ठेवावी लागते.